तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरच्या त्या स्त्रीविषयी

माझ्या नृत्यवर्गात मुलीचे नाव घालायला आलेले पालक हमखास विचारतात, ‘‘बाई, भरतनाट्यमच्या वर्गात नटराजाशेजारी या परदेशी मॉडेलचा फोटो कसा?’’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

हे छायाचित्र एर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी १९३९ मध्ये पॅरिसमध्ये टिपले. आयफेल मनोऱ्याच्या लोखंडी सांगाड्याला एका हाताने धरून लिसा फॉन्साग्रीव्ह पोकळीत झुकल्या आहेत, अंगावरचा घेरदार पोशाख वाऱ्यावर पसरला आहे आणि खाली सारे पॅरिस आहे. पाहणाऱ्याला आधी ती उंची दिसते. मला मात्र, एवढ्या उंचीवरही कुठेच न आखडलेली त्यांच्या शरीराची रेषा दिसते.

ती रेषा नृत्यातून आलेली आहे. १९११ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या लिसा बर्लिनमध्ये जर्मन नर्तकी मेरी विगमन यांच्या शाळेत नृत्य शिकल्या, पुढे पॅरिसमध्ये स्वतः नृत्याचे धडे देऊ लागल्या आणि मॉडेलिंगमध्ये आल्या त्या केवळ योगायोगाने. फॅशनचे मासिक त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. म्हणून त्या लूव्र संग्रहालयात गेल्या आणि जुन्या चित्रांतील माणसे वस्त्रे अंगावर कशी वागवतात, उभी कशी राहतात, याचा त्यांनी अभ्यास केला. अनोळखी कामापुढे उभे राहिल्यावर आधी शिकायला जाणारी ही वृत्ती मला त्यांच्या सौंदर्याहून मोलाची वाटते. कॅमेऱ्यासमोरच्या कामाला त्या स्थिर नृत्यच मानत.

१९४९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, तेव्हा त्यांचे वय ३८ होते. तरीही महत्त्व पोशाखाचे, मुलीचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते आणि स्वतःला त्या कपड्यांचा चांगला हँगर म्हणत. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. पुढच्याच वर्षी अर्विंग पेन यांनी पॅरिसमध्ये एका जुन्या नाट्यगृहाच्या पडद्यापुढे, नैसर्गिक प्रकाशात त्यांची छायाचित्रे काढली. त्यांतील पोशाखांना डौल येतो तो त्यांच्या पाठीच्या कण्यामुळे. त्याच वर्षी त्या दोघांनी विवाह केला. उत्तरायुष्यात लिसा शिल्पकार झाल्या आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

नव्या मुलींना पहिल्या दिवशी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या भरतनाट्यमच्या मूळ स्थितीत, बसवते, तेव्हा त्यांची तोंडे मी त्याच भिंतीकडे करते.