अळवाच्या पानावरच्या पेशी

एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट मिळाला तो असा: पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं पीसीएल, या पॉलिमरच्या बारीक तंतूंची जाळी विणायची आणि तिच्यावर उंदराच्या एल९२९ फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या, पेशी वाढवायच्या. त्वचेला आधार म्हणून असली जाळी चालेल का, एवढंच बघायचं होतं.

पहिली जाळी मी सवयीने वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं, ऑटोक्लेव्ह चालतो १२१ ला. बाहेर आला तो मेणाचा गोळा! त्यानंतर ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही, बस्स.

दुसरी जाळी प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात ठेवली. तिच्यावर पेशींचा थेंब सोडला तर तो अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहिला, हात हलला की घरंगळायचा. मी वरून भरपूर मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, ओतून मोकळी झाले. जाळी अपारदर्शक, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखाली तिच्यावरचं काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी एमटीटी चाचणी केली (तिच्यात जिवंत पेशी जांभळा रंग तयार करतात; रंग जितका गडद, तितक्या पेशी जास्त) आणि आकडे जवळजवळ कंट्रोलइतके, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींइतके! मी लगेच आलेख काढून ठेवला.

लॅबमधल्या पीएचडीवाल्या ताईने एकच विचारलं, "जाळी नव्या वेलमध्ये हलवली होतीस ना?"

नव्हती. पुढच्या खेपेला तो रंग विरघळवणारं डीएमएसओ घालायच्या आधी चिमट्याने जाळी उचलून पाहिली. जाळी जवळपास पांढरी, आणि खाली वेलचा तळ गडद जांभळा. "अगं, तू वेलचं प्लास्टिक मोजलंयस," ताई म्हणाली.

मग नीट वाचायला बसले. पेशी थेट पॉलिमरला धरतच नाही. आधी मीडियात घातलेल्या सीरममधली (रक्तद्रवातली) फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी प्रथिनं पृष्ठभागावर बसतात आणि पेशीचे इंटिग्रिन, म्हणजे तिचे पकडायचे हात, त्यांना पकडतात. फायब्रोनेक्टिनमधली ती पकडायची जागा जेमतेम तीन अमिनो आम्लांची, १९८४ मध्ये सापडलेली. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिनं बसतात खरी, पण वेडीवाकडी; मग पकडायची जागा पेशीच्या हाती लागेलच असं नाही.

पुढचा दीड महिना यातच गेला. जाळीने पाणी झटकू नये म्हणून ती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवायची, पीएच उतरेपर्यंत धुवत बसायचं (हे धुणं कुठल्याच पेपरात नीट लिहिलेलं नसतं), रात्रभर सीरमच्या मीडियात भिजवायची. पेशी फक्त २० मायक्रोलिटर थेंबातून द्यायच्या, दोन तास इनक्युबेटरमध्ये हात लावायचा नाही, मगच मीडिया भरायचा. वेलच्या तळाला अ‍ॅगरोजचा थर; त्याला पेशी चिकटत नाहीत, म्हणजे खाली पडलेल्या पेशीला तिथे थारा नाही. आणि एमटीटीच्या आधी जाळी नव्या वेलमध्ये!

आता थेंब टाकला की जाळी तो पिऊन घ्यायची. पेशीचा आतला सांगाडा दाखवणाऱ्या फॅलॉइडिनने रंगवल्यावर फ्लुओरेसन्समध्ये एक पेशी दिसली, तीन तंतूंवर पाय ताणून बसलेली. तो फोटो अजून माझ्या फोनवर आहे.

खरे आकडे आधीच्यापेक्षा कमीच आले. सरांनी पहिला आलेखही प्रबंधात ठेवायला लावला. त्याच्याखाली मी लिहिलं: "हे वाचन वेलच्या तळाचे आहे."