लिव्हरलेस, बांधणी ३: पॅसथ्रूचा पॅड मध्येच का मरत होता

एक्सबॉक्स सिरीज एसवर घरी बनवलेला लिव्हरलेस बोर्ड (दांडीऐवजी सगळी बटणंच असलेला कंट्रोलर) अखेर सलग तीन तास चालला. डिस्कनेक्ट नाही, ओळखीसाठी जोडलेल्या पॅडचा दिवा एकदाही विझला नाही. मागच्या नोंदीत ‘फर्मवेअरचा बग दिसतोय’ असं म्हटलं होतं, ते मागे. जीपी२०४०-सीईवर (बोर्डातल्या रास्पबेरी पाय पिको या मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर) उगाच आळ घेतला. बिचाऱ्या पॅडला पोटभर वीजच मिळत नव्हती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस एक्सबॉक्सवर एरर ०एक्स८२डी६०००२ यायला लागला: जोडलेली ॲक्सेसरी अधिकृत नाही, १२ नोव्हेंबरनंतर चालणार नाही. मुदत संपल्यावर ०एक्स८२डी६०००३, म्हणजे खेळ खल्लास. रोख होता क्रोनस झेन आणि झिमसारख्या फसवेगिरीच्या डब्यांवर. मार मात्र कन्व्हर्टर लावून जुनी स्टिक चालवणाऱ्यांनाही बसला. बांधणी १ मधला कन्व्हर्टर त्यातच गेला. तेव्हापासून रस्ता एकच, पॅसथ्रू. बोर्डाला एक परवानाधारक पॅड जोडून ठेवायचा. कन्सोल ‘तू कोण?’ विचारतो, पॅडमधली सिक्युरिटी चिप उत्तर देते आणि पिको फक्त पत्रं पोचवतो. बटणं पिकोची, ओळखपत्र पॅडचं.

जोडणी तीच आहे. यूएसबी-ए फिमेल सॉकेटचा डी-प्लस (डेटाची एक तार) पिकोच्या जीपीआयओ २६ या पिनवर, डी-मायनस (दुसरी) २७ वर (पिन लागोपाठच्याच हव्यात), दोन्हींच्या वाटेत २७ ओहमचे रेझिस्टर, ५ व्होल्ट पिकोच्या ४० नंबरच्या व्हीबसवरून (यूएसबीची ५ व्होल्टची पिन). वेब कॉन्फिगमध्ये (ब्राउझरमधलं फर्मवेअरचं सेटिंग पान) यूएसबी होस्ट, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणारी बाजू, चालू करायचा आणि डी-प्लसचा पिन सांगायचा. एस२ (स्टार्टचं बटण) दाबून धरून केबल लावली की १९२.१६८.७.१ उघडतं, हे आता सगळ्यांना पाठ असेल.

लक्षणं अशी होती. हँडशेक (ओळख पटवणारी देवाणघेवाण) व्हायचा, स्ट्रीट फायटर ६ चा ट्रेनिंग मोड उघडायचा, तीन ते पाच मिनिटं सगळं गोड. मग पॅडचा दिवा लुकलुकायचा आणि कन्सोल ‘कंट्रोलर जोडा’ म्हणायचा. पीसीवर एक्सइनपुट या नेहमीच्या कंट्रोलर मोडमध्ये तोच बोर्ड रात्रभर चालायचा. फसगत झाली ती इथेच. पीसी ओळखपत्र मागत नाही, त्यामुळे पॅड मेला तरी तिथे कुणाला पत्ता लागत नाही. पॅसथ्रूची चाचणी पीसीवर करून उपयोग नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर चिकटवा.

पहिला संशय टायमिंगवर होता. पिकोचा एकमेव यूएसबी पोर्ट कन्सोलकडे जातो, म्हणून पॅडसाठीचा होस्ट पोर्ट पीआयओने (पिकोमधली, पिन थेट हलवणारी छोटी यंत्रणा) चालवावा लागतो. त्याला १२ च्या पटीतलं घड्याळ लागतं. पिकोचं मूळ घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं, पण फर्मवेअर ते १२० वर आणतं. म्हणजे ही बाजू आधीपासूनच ठीक होती.

दुसरा संशय वायरवर, आणि तो अर्धा खरा निघाला. ब्रेडबोर्डच्या २० सेंटिमीटर जम्परवर हँडशेक तीनात एकदाच व्हायचा. जुन्या यूएसबी केबलमधली हिरवी-पांढरी जोडी पीळ न सोडवता ८ सेंटिमीटर कापून सोल्डर मारली, तेव्हापासून हँडशेक एकदाही चुकलेला नाही. छोटा विजय, पण गोड. पॅड मरायचा तो मात्र मरतच राहिला.

मग मीटर लावला. सॉकेटवर नुसता बोर्ड असताना ४.९१ व्होल्ट. पॅड जोडून एलईडी पांढऱ्यावर ठेवले की ४.३ च्या आसपास. मीटर सरासरी दाखवतो, खड्डे दाखवत नाही. स्कोप (ऑसिलोस्कोप) लावल्यावर इंद्रधनुष्य ॲनिमेशनच्या प्रत्येक लाटेला व्होल्टेज ४ च्या खाली टेकताना दिसला. स्कोप नसेल त्यांनी एकच करा: वेब कॉन्फिगमध्ये एलईडीचा ब्राइटनेस शून्य करा. शून्यावर पॅड चाळीस मिनिटं टिकला आणि चोर सापडला. पॅड रीसेट झाला की आधी पटवलेली ओळख पुसली जाते. पिकोकडे स्वतःचं उत्तर नसतंच, म्हणून कन्सोल दार लावून घेतो.

हिशेब आधीच करायला हवा होता. १२ बटणं, प्रत्येकामागे २ डब्ल्यूएस२८१२ एलईडी, एकूण २४. पूर्ण पांढऱ्यावर एकाला ६० मिलिॲम्पिअर धरले तर १४४० मिलिॲम्पिअर. यूएसबी २ चा पोर्ट ५०० देतो, यूएसबी ३ चा ९००. त्यात पॅड, आणि पॅडमधल्या थरथरवणाऱ्या दोन मोटारी.

दुसरा गुन्हेगार केबल. २ मीटरची केबल, आतल्या पॉवरच्या वायरी २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी तार बारीक). या जाडीचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे ०.८५ ओहम. ६०० मिलिॲम्पिअर वाहिले की अर्धा व्होल्ट केबलमध्येच जिरला. २४ एडब्ल्यूजीची १ मीटर केबल घेतली तर रोध ०.१७ ओहम आणि घट ०.१ व्होल्ट. म्हणून दुकानात केबलच्या अंगावरचं बारीक छापील वाचा. ‘२८एडब्ल्यूजी/१पी, २४एडब्ल्यूजी/२सी’ असं असेल तर डेटाची जोडी २८ ची आणि पॉवरच्या दोन वायरी २४ च्या. काहीच छापलेलं नसेल तर ठेवून द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केबलचा तुकडा हातात घेऊन बघता येतो, ऑनलाइनमध्ये फक्त चकचकीत फोटो. शंका आली तर ब्लेडने तार खरवडा. तांब्याखाली पांढरट चमक दिसली तर आत ॲल्युमिनियम आहे, आणि वरचा हिशेब आणखी बिघडतो.

आता चुकीचा उपाय, कारण तो प्रत्येकाला सुचतो. व्हीबसवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, खड्डे भरतील म्हणून. झालं उलटंच: केबल लावली की कधीकधी कन्सोलचा पोर्ट गप्प. जोडल्या क्षणी डिव्हाइसने व्हीबसवर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त भार दाखवू नये असा यूएसबीचा नियम आहे. रिकामा ४७० चा कपॅसिटर त्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो आणि पोर्ट स्वतःला वाचवतो. गंमत अशी की पॅडला जो पोर्ट आपण देतो तिथे आपण होस्ट असतो, आणि होस्टच्या बाजूला किमान १२० मायक्रोफॅरड असायलाच हवेत. म्हणजे कपॅसिटर हवाच, पण दाराच्या आतल्या बाजूला.

ते दार म्हणजे ५०० मिलिॲम्पिअर मर्यादेची यूएसबी पॉवर स्विच आयसी. तिची इनेबल पिन पिकोच्या मोकळ्या जीपीआयओला, आणि तो पिन वेब कॉन्फिगमध्ये ५ व्होल्ट इनेबल म्हणून नोंदवायचा. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीनंतर, सॉकेटच्या पायाशी. पिको आधी जागा होतो, मग पॅडला वीज मिळते. आयसी सॉफ्ट-स्टार्टवालीच (वीज हळूहळू सोडणारी) घ्या. साधा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा स्विच) धाडकन उघडतो आणि तोच झटका अर्धा सेकंद उशिरा बसतो. आणखी एक खड्डा: आयसीच्या काही तयार ब्रेकआउट बोर्डांवर इनेबल पिन १० किलोओहममधून ५ व्होल्टला ओढलेली असते. आरपी२०४० चे (पिकोवरची चिप) पिन ३.३ व्होल्टचे, ५ सहन करणारे नाहीत. एक पिको याच कारणाने गेला असावा. तो रेझिस्टर आधी उचलून टाका.

शेवटची जुळणी अशी: बटणामागे एकच एलईडी, ब्राइटनेस जास्तीत जास्त २५ टक्के (१२ गुणिले ६० चा पाव, म्हणजे १८० मिलिॲम्पिअर), १ मीटर जाड केबल, पॉवर स्विच, आणि पॅडमधल्या दोन्ही मोटारींचे कनेक्टर काढलेले. सॉकेटवर आता ४.७८ आणि स्कोपवर खड्डा नाही. पिकोऐवजी क्लोन बोर्ड वापरणाऱ्यांनी आधी ५ व्होल्टच्या पिनवर मीटर ठेवून बघावं. काही क्लोनवर ती पिन मागचा जम्पर सोल्डर करेपर्यंत बाहेर वीज देत नाही, काहींवर मध्ये डायोड असतो आणि तो आपला वाटा कापून घेतो.

पीएस४ मोडवाल्यांना आठवण: ओळख पटली नाही तर तिथे आठ मिनिटांनी बोर्ड सुटतो. पाच मिनिटं चाललं म्हणून पेढे वाटू नका. चाचणी किमान वीस मिनिटांची.

हे सगळं करताना एक गोष्ट खटकत राहिली. आपण जी वाट वापरतोय तीच क्रोनस झेनची. त्यालाही खरा पॅड जोडावा लागतो, ओळखपत्र पॅडचं आणि आतून बंदुकीचा रिकॉइल (झटका) खाली दाबणारी स्क्रिप्ट. झिम माऊसच्या हालचालीला स्टिकचा मुखवटा घालतो, म्हणजे माऊसची अचूकता आणि वर कंट्रोलरला मिळणारा एम असिस्टही (नेम धरायला गेमची मदत). चिप कुणाची हे हँडशेक सांगतो. तारेवरून काय जातंय, ते माणसाच्या बोटांचं आहे की स्क्रिप्टचं, हे तो सांगू शकत नाही. सोनीच्या जानेवारी २०२४ च्या पीएस५ अपडेटने झेनला दणका दिला, पण हत्यार तेच, दारावरचं ओळखपत्र.

युबिसॉफ्टने रेनबो सिक्स सीजमध्ये २०२३ साली आणलेलं माऊसट्रॅप आम्हाला जास्त पटतं. ते जोडणीकडे बघत नाही, इनपुटच्या वागण्याकडे बघतं. कन्सोलवर माऊसचा वास आला की इनपुटला उशीर वाढवत नेतं, डबा काढला की हळूहळू सगळं पूर्ववत होतं. यात लिव्हरलेसवाला उगाच भरडला जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरवर १९ जॅक आहेत, ३.५ मिलिमीटरचे. त्यात घरी बनवलेलं कुठलंही बटण खोचा, कुणी हटकत नाही, कारण ओळखपत्र त्या कंट्रोलरचं. म्हणजे घरची बटणं हा कधीच प्रश्न नव्हता.

लिव्हरलेसवाल्यांनी फार साळसूद होऊही नये म्हणा. एसओसीडी (विरुद्ध दिशा एकत्र दाबल्यावर काय मोजायचं याचा नियम) आपल्याच घरचं दुखणं आहे. डावं-उजवं एकत्र दाबल्यावर ‘शेवटचं जिंकेल’ ठेवलं की लिव्हरवाल्याला शक्य नसलेल्या गोष्टी होतात. स्ट्रीट फायटर ६ साठी कॅपकॉमने विरुद्ध दिशा न्यूट्रल करायला लावलं ते रास्तच. शूटरमध्येही हेच झालं. कीबोर्डांत स्नॅप टॅप आलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर त्यावर बंदी घातली. बोर्डावर आता एसओसीडी न्यूट्रल आहे. मोड बदलणाऱ्या हॉटकी काढून टाकल्या, कारण सामन्यात चुकून दाबल्या गेल्या तर पंचाला समजावत बसावं लागतं.

आणि इथे बेत बदलला. पुढच्या टप्प्यात मॅक्रो (एका बटणात भरलेला बटणांचा क्रम) ॲड-ऑन लावून ट्रेनिंग मोडमध्ये डमीसाठी कॉम्बो भरायचा विचार होता. तो रद्द. एकाच बोर्डात मॅक्रो आणि पॅसथ्रू दोन्ही ठेवले तर आपला डबा आणि झेन यांत फरक काय दाखवणार? टर्बो आणि मॅक्रो दोन्ही वगळून फर्मवेअर कंपाइल करायचं, आणि स्पर्धेचा बोर्ड त्यावरच. डमीसाठी जुना पिको वेगळा, फक्त पीसीवर. फर्मवेअर बदलण्याआधी नेहमीप्रमाणे फ्लॅश न्यूक (पिकोची मेमरी पूर्ण पुसणारी फाइल), नाहीतर जुन्या सेटिंग मागे राहतात आणि हॉटकी भुतासारख्या परत येतात.

दुसरा बदल डब्यात. पॅडचा पीसीबी सोलून आत कायमचा स्क्रूने बसवायचं ठरलं होतं. आता वाटतं, तळाला ७० बाय ११० मिलिमीटरचं सरकतं दार ठेवावं. पॅडचं फर्मवेअर अपडेट करायचं तर तो थेट कन्सोलला जोडून एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲपमधून करता येतं, पिकोमधून नाही. उद्या कन्सोलने नवीन काही मागितलं तर बारा बटणं उपसून आत हात घालायची वेळ येऊ नये. दारामुळे ३ मिलिमीटर ॲक्रिलिक तळाला लवेल, म्हणून तळ ५ चा करावा लागेल. मग ३० मिलिमीटरच्या जंप बटणाखाली सॉकेटला जागा उरते का, हे लेझर कटिंगला फाइल देण्याआधी पुठ्ठ्याच्या मॉडेलवर बघायचंय. सॉकेट आडवा टाकला तर डेटाची जोडी ८ वरून ११ सेंटिमीटर होते. तेवढ्या लांबीवर हँडशेक दहापैकी दहा वेळा होतो का, ही पुढची चाचणी.