पोरं टिकवायची तर आधी रबर बदला

खिडक्यांच्या काचा साफ करण्याचा छोटा धंदा म्हणजे पुण्या-मुंबईकडे साधारण चार ते आठ पोरं, दोन दुचाक्या किंवा एक छोटा टेम्पो आणि दिवसभर वाजणारा मालकाचा फोन. पोरं १८ ते २४ वयाची. बरीचशी मराठवाड्यातून आलेली, कुणी पोलीस भरतीची तयारी करणारं, कुणी मुक्त विद्यापीठातून बीए करणारं. चार मालक भेटले की रडगाणं एकच: आजकालच्या पोरांना कामाची आवड नाही, तीन महिन्यांत पळतात, डिलिव्हरीच्या ॲपवर जातात. मग ग्रुपवर कुणीतरी प्रेरणादायी व्हिडिओ टाकतो आणि विषय संपतो.

आवडीचं नंतर बघू. पोराचा जीव विटतो कुठे ते आधी बघा. सकाळी थ्री बीएचकेच्या सगळ्या काचा पुसून झाल्या, पैसे मिळाले, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन येतो: ‘ऊन पडल्यावर सगळे पट्टे दिसतायत, माणूस परत पाठवा.’ ती परतफेरी फुकटची, दमल्यावरची, आणि वर बोलणी खात करायची. महिन्यात अशा तीन झाल्या की पोरगं दुसरं काम शोधायला लागतं. या परतफेऱ्यांचं कारण बहुतेक वेळा त्याच्या आळसात नसतं. ते बादलीत, वायपरच्या रबरात आणि आपण न शिकवलेल्या गोष्टींत असतं.

म्हणून नव्या पोराला पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी नेऊ नका. आपल्या गोडाऊनची किंवा ओळखीच्या दुकानाची काच द्या आणि दोन दिवस तीच पुसू द्या. दहा लिटर पाण्याला भांड्यांचं लिक्विड एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. नवं पोरगं हमखास चार चमचे ओततं, कारण फेस दिसला की साफ होतंय असं वाटतं. तोच जादा साबण काचेवर सुकतो आणि दुपारी पट्टे होऊन दिसतो. टी-बारने, म्हणजे कापडी खोळ चढवलेल्या टी आकाराच्या दांड्याने, काच पूर्ण ओली करायची, वरची कड आणि एक बाजू फडक्याने दोन बोटं रुंद कोरडी करायची, मग १४ इंची वायपर त्या कोरड्या पट्ट्यापासून सरळ खाली ओढायचा. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं, आणि पुढची ओढ आधीच्या पट्ट्यावर दोन इंच चढवायची. शेवटी कडांना राहिलेलं पाणी मायक्रोफायबरने टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. घासलं की पुन्हा ओरखड्यासारखे फराटे उठतात.

रीलमध्ये बघितलेला नागमोडी हात, म्हणजे वायपर न उचलता वळणं घेत फिरवणं, प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मारून बघायचा असतो. त्यावर हसू नका. ‘सरळ हात सलग दहा काचांवर डाग न ठेवता जमला की नागमोडी मी शिकवतो’ एवढं सांगा. ते आमिष कुठल्याही भाषणापेक्षा जास्त चालतं.

आता रबर. काचेवर वायपर ओढला की एक बारीक ओली रेघ राहत असेल तर रबराच्या कडेला खाच पडलेली असते. पोरगं जोर लावतं, पुन्हा ओढतं, पुन्हा रेघ. अर्ध्या तासात चिडतं, आणि मालकाला वाटतं याचं लक्ष नाही. रबराला दोन कडा असतात: एक गेली की उलटायचं, दोन्ही गेल्या की फेकायचं. नवं रबर साधारण एका परतफेरीच्या पेट्रोलमध्ये येतं, तरी कित्येक मालक ते मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागणाऱ्याला ‘परवाच तर दिलं होतं’ असं ऐकवतात. प्रत्येकाला स्वतःचा वायपर द्या, दांड्यावर नाव टाका आणि एक जादा रबर कायम खिशात राहू द्या. जुनं दाखवल्याशिवाय नवं नाही, असला हिशेबही नको. मायक्रोफायबरची फडकी संध्याकाळी एकत्र धुवायची. कपडे मऊ करणारं कंडिशनर घातलं की त्यांचं पाणी शोषणं जातं आणि काचेवर तेलकट पापुद्रा बसतो.

वेळापत्रक करणाऱ्याने उन्हाची दिशा पाहिली तर अर्धी भांडणं मिटतात. तापलेल्या काचेवर पाणी वायपर पोचायच्या आत सुकतं. सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या. मार्च ते मे या दिवसांत हे पाळलं नाही तर चांगला हातही वाया जातो.

दुसऱ्या आठवड्यात सरकत्या खिडक्यांचे ट्रॅक आणि पल्ले. ट्रॅक आधी कोरडाच घ्यायचा: एक इंची रंगाच्या ब्रशने धूळ सुटी करून व्हॅक्यूमने ओढायची. आधी पाणी मारलं की चिखल होतो आणि तो ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असलेल्या पाणी जाण्याच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. मेमध्ये केलेली ही चूक जूनमध्ये कळते. पहिल्या मोठ्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी हॉलमध्ये येतं.

पल्ला काढताना तो मधोमध आणायचा, वर उचलून वरच्या चॅनेलमध्ये घालायचा आणि खालची बाजू आपल्याकडे ओढायची. काही खिडक्यांना पल्ला उचलला जाऊ नये म्हणून वर ठोकळा असतो, त्याचा स्क्रू आधी काढायचा. काढलेल्या प्रत्येक पल्ल्यावर कागदी टेपचा आकडा चिकटवायचा. आतला-बाहेरचा पल्ला बदलला तर लॉक जुळत नाही, आणि पुन्हा फोन. वजनाचा हिशेब पोरांना तोंडपाठ हवा: काच दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरमागे २.५ किलो. बाल्कनीचा साडेतीन बाय सात फुटी पल्ला ५ मिमी काचेचा असेल तर नुसती काचच २८ किलोच्या वर जाते, फ्रेम वेगळी. तो एकट्याने उचलायचा नाही. एकट्याने उचलणाऱ्याचं कौतुक तर त्याहून करायचं नाही, कारण बाकीची पोरं ते बघून शिकतात.

ब्लेड मात्र लगेच हातात देऊ नये. नव्या बिल्डिंगमध्ये काचेवर सिमेंट आणि रंगाचे थेंब असतात आणि ब्लेडने ते पटकन निघतात, म्हणून मोह होतो. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच भट्टीतून निघताना कधीकधी तिच्या एका बाजूवर काचेचीच बारीक भुकटी चिकटून राहते. ब्लेड त्यावरून गेलं की कण सुटतो, ब्लेडबरोबर घासत जातो आणि केसासारख्या रेघा उमटतात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही. बदलायची तर मापाने नवीन बनवून आणावी लागते. म्हणून आधी काचेच्या कोपऱ्यात टफन्डचा शिक्का आहे का बघायचा, शंका असली की मालकाला फोन. साध्या काचेवरही ब्लेड ओल्यातच, एकाच दिशेला पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही. काचेवर फिल्म असेल तर अजिबात नाही.

क्षाराच्या डागांचंही तसंच. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरचं पाणी, त्यामुळे पांढरे ठिपके ठरलेले. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, ओलं फडकं पाच-दहा मिनिटं काचेला चिकटवून ठेवायचं, मग पुसायचं. आपल्याकडच्या खिडक्यांना खाली आणि बाजूला मार्बल असतो हे पोरगं विसरतं. व्हिनेगरचे थेंब मार्बलवर पडले की पॉलिश उडून मळकट डाग राहतो आणि तो पुसून जात नाही. आधी प्लास्टिक आणि टेप. हार्डवेअरच्या दुकानात विनालेबल बाटलीत मिळणारं ‘काचेचं ॲसिड’ तर धंद्यात आणूच नका. त्यात हायड्रोफ्लोरिक असू शकतं, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि भाजल्याचं लगेच कळतही नाही.

एवढं शिकवलं की पगाराचं बोलता येतं, कारण पगार शिकण्याला बांधायचा आहे. चार पायऱ्या करून भिंतीवर लावा: आतली काच आणि ट्रॅक, पल्ले काढणं-बसवणं, ब्लेड आणि क्षाराचे डाग, गिऱ्हाइकाला अंदाज सांगून जोडी सांभाळणं. प्रत्येक पायरीला रोजामागे ठरलेली वाढ, समजा ५० रुपये. परीक्षा कधी द्यायची ते पोराने सांगायचं, मालकाने त्या आठवड्यात घ्यायची. ‘बघू दिवाळीनंतर’ हे वाक्य या वयाच्या पोराला नकारासारखंच ऐकू येतं. डिलिव्हरीच्या ॲपवर आज किती सुटले ते रात्री फोनवर दिसतं, पैसे आठवड्याला येतात. आपण महिनाभर थांबवून वर तारीख चुकवली तर तुलना तिथेच हरतो. शनिवारी आठवड्याचा हिशेब करून पैसे खात्यावर टाकणं छोट्या धंद्याला जड जातं, मान्य, पण त्याने उचलीची कटकटही बरीच कमी होते. उचल द्यायचीच तर एका आठवड्याच्या रोजापेक्षा जास्त नाही, आणि वहीत दोघांच्या सह्या.

फुटलेल्या काचेचे पैसे परस्पर पगारातून कापू नका. पोराचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय अशी कपात करणं कायद्यातही बसत नाही, आणि एकदा कापलंत की पुढच्या वेळी तडा लपवला जाईल.

बक्षीस वेगाला लावलं की काय होतं ते कुणीही करून बघावं: काचा चकाचक, ट्रॅकमध्ये तसाच चिखल. बक्षीस परतफेरी न होण्याला लावा, तेही जोडीला मिळून. ४८ तासांत तक्रार आली नाही तर ते घर धरायचं, महिन्याच्या शेवटी मोजायचं. जोडीत एक जुना, एक नवा. एकाच गावची दोन पोरं जोडीत असली तर काम मजेत होतं, पण एकाचे दोष दुसरा झाकतो. आणि सगळी टीमच एका गावची असेल तर जत्रेच्या आठवड्यात दुकान बंद समजा.

गिऱ्हाइकाच्या घरात पोराची बाजू कोण घेतं, यावर त्याचं मन ठरतं. काम सुरू करण्याआधी प्रत्येक खिडकीचा फोटो: आधीचे ओरखडे, तुटलेली जाळी, लॉक. नंतर ‘हे तुमच्या मुलानेच केलं’ असा आरोप आला की फोटो पुढे करायचा. ‘आलाच आहेस तर पंखा पुसून घे, माळ्यावरचं खाली काढ’ याला पोराने नाही म्हणायचं नसतं आणि करायचंही नसतं. ‘काकू, सरांना विचारून सांगतो’ एवढंच. मालकाने फोनवर दर सांगायचा, आणि त्या जादा पैशांतला ठरलेला वाटा पोरांना. बुकिंग घेतानाच विचारून ठेवा की बाथरूम कुठलं वापरायचं आणि सोसायटीत कुठली लिफ्ट चालते. हे वॉचमनसमोर वाद घालून ठरवायची पाळी पोरावर येऊ नये.

रागवायचं तर जागेवर, एकट्याला, काच दाखवून. खराब कामाचा फोटो ग्रुपवर टाकणारे मालक मला कळत नाहीत. त्याने काम सुधारत नाही, फक्त तो फोटो पोराच्या गावापर्यंत पोचतो.

उंचीच्या बाबतीत मोटिव्हेशनला जागा नाही. छज्जावर पाय नाही, ग्रिलवर लटकणं नाही, बाहेरची बाजू हाताला येत नसेल तर ती खिडकी सोडायची आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगायची. दोरावरचं काम प्रशिक्षित टीमचं. शिडी टेकवायची तर चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वरच्या तीन पायऱ्या वापरायच्या नाहीत, खाली दुसऱ्याचा पाय. १८ च्या आतलं पोरगं घेऊ नका, मग ते सुट्टीत आलेलं भाचं का असेना. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं कवच. खातं उघडायला लावून तो हप्ता मालकाने द्यावा. पण तेवढ्यावर थांबू नका, कामगार भरपाईची पॉलिसी वेगळी घ्या.

सुट्ट्यांचं वर्ष आधीच कागदावर मांडता येतं. घटस्थापनेआधी पहिली गर्दी, मग दिवाळीपर्यंत दुसरी. या काळात सुट्टी नाही हे जूनमध्येच सांगायचं, आणि त्या बदल्यात धनत्रयोदशीला दुपारनंतर एकही काम घ्यायचं नाही, म्हणजे पोरं लक्ष्मीपूजनाला गावी पोचतात. बोनस जाताना पूर्ण द्या. ‘अर्धा परत आल्यावर’ ही युक्ती पोरांना कळते, आणि ज्याला यायचं नसतं तो तरीही येत नाही. पेरणी, घरचं लग्न, विद्यापीठाची परीक्षा, भरतीची मैदानी चाचणी या सुट्ट्या नाकारून काही मिळत नाही. १५ दिवस आधी सांगण्याचा नियम मात्र कडक ठेवा. पावसाळ्यात काम पडतं तेव्हा महिन्याला किमान २० रोज तरी हमखास द्यायचे, आणि मोकळ्या दिवसांत ऑफिसांच्या आतल्या काचा घ्यायच्या, पुढच्या पायरीचा सराव करून घ्यायचा.

भरतीत निवड झाली किंवा स्वतःचा धंदा काढायचा म्हणून कुणी निघालाच, तर दोन दिवसांत हिशेब पूर्ण करा आणि अनुभवाचं पत्र द्या. स्वतःचं सुरू करणाऱ्याला दिवाळीच्या गर्दीत आपल्याला न झेपणारी कामं सांगता येतात. त्याचा हात आपल्याला माहीत असतो.