न पुसलेल्या रेषा

४ जुलै, रात्री साडेअकरा

डॅनिश चित्रकार आना स्यूबर्ग १९१४ साली आजच्याच दिवशी गेली. वय अवघं ४४.

आठ दिवस झाले, मुलं झोपली की मी तिची जलरंगातली फुलं बघत बसते. आज कळलं, माझी नजर सारखी कुठे अडकते ते. पेन्सिलीच्या रेषांत. तिने त्या लपवल्याच नाहीत. पाकळीची रेघ एकीकडून जाते, रंग जरा पलीकडे ओघळतो, आणि तिने दोन्ही तसंच राहू दिलंय. फुलं अशी दाटीने आलेली, की काही थेट कागदाच्या कडेवर कापली जातात. मला शिकवलं होतं, पेन्सिल दिसता कामा नये. किती कागद खोडून खोडून फाडले मी!

डेन्मार्कच्या फ्यून बेटावरचं फॉबॉर्ग हे तिचं गाव. वडील पीटर सिराक हान्सन घरं सजवून रंगवणारे कारागीर, भाऊ पीटर चित्रकार. चित्रकार फ्रित्झ स्यूबर्ग तिच्या वडिलांच्याच हाताखाली रंगकाम शिकला आणि १८९४ मध्ये तिचा नवरा झाला. ती स्वतः कोपनहेगनच्या शाही पोर्सिलेन कारखान्यात भांड्यांवर चित्रं काढायची. पुढे मुलांतला अर्न्स्ट चित्रकार झाला, फ्रान्झ संगीतकार. कलावंतांचं घराणं म्हणतात ते हेच. मी मात्र वाचता वाचता मुलं मोजली. सात!

परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या ‘एका आईची गोष्ट’ या कथेसाठी फ्रित्झने चित्रं काढली, तेव्हा आई म्हणून समोर बसली तीही आनाच. भाऊ आणि नवरा शेतं, किनारे, बर्फ रंगवायला बाहेर पडत. तिने घरात, हाताशी असलेली फुलं घेतली. त्यांना दुय्यम समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फूल थांबत नाही. मुलंही थांबत नाहीत. त्या दोन्हींच्या मधल्या वेळात इतका ठाम हात चालवायचा, हे काम लहान नव्हे. १९१० मध्ये माड्स रासमुसेन या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखानदाराने फॉबॉर्गमध्ये संग्रहालय उभं केलं. भाऊ आणि नवऱ्याच्या चित्रांसोबत तिचीही चित्रं तिथे आहेत. एकदा जायचंय.

सकाळी डबे भरून झाल्यावर कुंडीतली जास्वंद काढायला घेतली होती. संध्याकाळी परत बसले तोवर फूल मिटलेलं. दोन पाकळ्या नुसत्या पेन्सिलीतच राहिल्यात. त्यांत रंग भरणार नाही.