सातबारा आणि शाळेची फी

‘अपूर्ण’. मुलांच्या शाळेच्या फी-सवलतीच्या अर्जावर लाल अक्षरांतला हा एक शब्द मी सात आठवडे रोज सकाळी चहाच्या आधी बघत होते. आता अर्ज मंजूर होऊनही वर्ष झालं, तरी तो आठवला की डोकं तापतं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता न्यू जर्सीत. पप्पा माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकले. 1875 मध्ये आपल्याच लोकांनी काढलेली शाळा ती. तिच्या फीचा विषय आमच्या घरात कधी निघाल्याचं मला आठवत नाही. इथे आमच्या दोन मुलांची ज्यू शाळेची फी वर्षाला 44,000 डॉलर, म्हणजे दोघांच्या हातात पडणाऱ्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. धार्मिक शाळेची फी सरकार भरत नाही, आणि सरकारी शाळा ज्यावर चालते तो घराचा कर आपण भरतच असतो. नवरा म्हणाला, सरकारी शाळेत घालू आणि रविवारी हिब्रूच्या वर्गाला पाठवू. हिशेब त्याचाच बरोबर होता. पण पप्पांनी मराठी अक्षरांतून हिब्रू प्रार्थना पाठ केल्या होत्या, मला तर त्याही धड येत नाहीत. मुलांना मूळ अक्षरं वाचता यावीत, एवढाच माझा हट्ट.

फी-सवलतीचा अर्ज शाळा स्वतः तपासत नाही, एका बाहेरच्या कंपनीकडे जातो. पगार, कर, घराचं कर्ज हे सगळं एका संध्याकाळी भरून झालं. मग रकाना आला: ‘इतर मालमत्ता, जगात कुठेही’.

मी प्रामाणिकपणे लिहिलं. गावी नारळाची वाडी आहे, 18 गुंठे, आजोबांच्या नावाची. पप्पा गेल्यावर वारसनोंदीत माझंही नाव लागलं. पुरावा मागितला म्हणून पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढला आणि जोडला. इथेच घोडं पेंड खायला लागलं. सातबाऱ्यावर तेरा नावं, पुढे ‘सामाईक क्षेत्र’. कुणाचा वाटा किती, ते कुठेच नाही. कंपनीने अख्खी वाडी माझ्या नावे धरली: 90 लाख रुपये, म्हणजे 1,08,000 डॉलर! एवढी श्रीमंत मी त्याआधी कधीच नव्हते.

उतारा इंग्रजीत हवा म्हणाले. मी स्वतः भाषांतर करून नोटरी केलं, तर अर्जदाराचं भाषांतर चालत नाही. ठाण्याहून भाषांतरकाराकडून करून आणलं, त्यात आठ दिवस गेले. मग म्हणे प्रत्येक सहधारकाचं संमतीपत्र आणा. तेरांपैकी चौघे इस्रायलमध्ये डिमोनात, दोघे तिथेच अश्दोदमध्ये, आणि एका काकांशी पप्पांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई. ईमेलला तेच ठरलेलं उत्तर.

शेवटी मी शाळेच्या हिशेबाच्या खोलीत जाऊन बसले. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. तुम्ही तरी कंपनीशी झगडत बसू नका, सवलत शेवटी शाळाच ठरवते. तिथल्या आजींपुढे मी कागदावर वंशावळ काढली. आजोबांचे चार मुलगे, पप्पांचा चौथा हिस्सा. त्यातला तिसरा आईचा, कारण आपल्याला ज्यूंना भारतीय वारसा कायदा लागतो. उरलेल्यात आम्ही तीन भावंडं. माझ्या वाट्याला बरोब्बर एक गुंठा.

आजींनी चष्मा काढून विचारलं, “तो विकता येईल तुला?”

“अहो, वाटणीच झालेली नाही. माझ्या एकटीच्या नावावर नारळाचं झाडसुद्धा नाही.”

त्या हसल्या, कागदाची झेरॉक्स काढली. चौथ्या दिवशी लाल शब्द गेला.

फी 29,000 वर आली. तरी जडच आहे, जुनी गाडी अजून ओढतोय. आईला दरमहा पाठवतो त्या पैशांच्या पावत्या जपून ठेवा. त्या रकमेसाठी अर्जात रकानाच नाही, वेगळ्या पत्रात लिहावं लागतं. पप्पांच्या वर्षश्राद्धाला गेलो तो विमानखर्च मात्र त्यांनी ‘सुट्टीतली सहल’ म्हणून धरला होता. तेही पत्रात खोडून काढलं. आणि 529 खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं, फक्त कॉलेजसाठी असतं असं मी समजत होते. 2018 पासून ते शाळेच्या फीलाही चालतं, हे मला दोन वर्षं उशिरा कळलं.

यंदा पुन्हा ताजा उतारा मागितलाय. मधल्या काळात ते न बोलणारे काका गेले. आता नावं सोळा आहेत.

अरे हो, बसचं राहिलंच. लहान मुलांची शाळा घरापासून 2 मैलांहून लांब असेल आणि बस मिळत नसेल, तर न्यू जर्सीत त्याऐवजी पालकांना पैसे मिळतात. तो अर्ज वेगळा असतो, मार्चच्या मध्याआधी शाळेत देऊन टाका. त्यात वाडीबद्दल काही विचारत नाहीत.