शेणसड्याचा रंग

आधी माझी एक फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी सातवीच्या पोरांकडून जलचक्रावर नाटुकलं बसवलं. एका पोराच्या अंगाला कापूस चिकटवून त्याला ढग केलं, एका पोरीला सूर्य. ढग पुढे येऊन म्हणायचा, "बाष्पाचे पाण्यात रूपांतर होण्याच्या क्रियेला संघनन म्हणतात." टाळ्या पडल्या, फोटो व्हॉट्सॲपवर गेले. आठवड्याने त्याच ढगाला मी विचारलं, थंड पाण्याच्या स्टीलच्या गडव्याला बाहेरून थेंब कुठून येतात रे?

"गडवा पाझरते जी."

म्हणजे विज्ञान झालंच नव्हतं. नाटकही झालं नव्हतं. ही झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली पोरं, थंडीभर रात्र-रात्र दंडार हे इथलं लोकनाट्य बघणारी. व्याख्या घोकणारं पात्र त्यांनी दुसऱ्या मिनिटाला हुसकून लावलं असतं. माझ्यासाठी गप्प बसली, एवढंच.

आमची शाळा साकोलीकडे, भंडारा जिल्ह्यात. पट ५८. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच कलेचा अंशकालीन निदेशक मिळतो, त्यामुळे विज्ञानही माझ्याकडे आणि चित्रकलाही माझ्याकडे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नकोत असं लिहिलंय. आमच्याकडे भिंत घालायला दुसरा माणूसच नाही.

गेल्या फाल्गुनात शाळेमागचा पळस फुलला. होळीसाठी पोरं फुलं उकळून रंग करतातच. मी म्हटलं, या वेळी रुमाल रंगवू. दुकानातून मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड आणलं, चौकोनी तुकडे फाडले. पोषण आहाराच्या चुलीवर पातेलं चढवलं, तेव्हा मावशींनी बजावलं, "उद्या वरण जास्त पिवळं झालं तर मले नका बोलू." रुमाल झकास निघाले. दुसऱ्या दिवशी हापशीवर धुतले तर निम्मा रंग पाण्यात.

"सर, रंग राह्यलाच नाही न जी. काहून?"

ते "काहून" पुढे तीन आठवडे पुरलं. एवढे दिवस प्रश्न मी विचारायचो आणि उत्तरही माझ्याच खिशात असायचं. हा प्रश्न त्यांचा होता, आणि रुमालही त्यांचेच.

कोष्ट्याच्या घरची एक पोर आंधळगावच्या मामाकडून कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाची चिंधी घेऊन आली. तीही त्याच रंगात बुडवली, धुतली. रंग बराच टिकला. मग वाद सुरू झाला. कोसा किड्यापासून होतो, कापूस झाडापासून; मग दोघांचा स्वभाव एक कसा असेल? ढिवरांच्या एका पोराला ऐनाच्या झाडावरचे कोशाचे किडे घरच्या कामामुळे ठाऊक होते, त्या दिवशी वर्गाचा मास्तर तोच. मी फक्त एवढी भर घातली, की कोसा हे प्रथिन आहे, अंड्यासारखं, नि कापूस म्हणजे सेल्युलोज. प्रथिनाला रंग आणि तुरटी लवकर धरते, सेल्युलोजला मध्यस्थ लागतो.

मध्यस्थ म्हणजे हिरडा. आधी सोडा घालून उकळून मांजरपाटाची कांजी काढायची, मग कुटलेल्या हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीत, शेवटी पळसात. तुरटी कापडाच्या वजनाच्या वीस टक्के. कापड चाळीस ग्रॅम भरलं, म्हणजे आठ ग्रॅम. टक्केवारीला नेहमी जांभया देणारी दोन पोरं किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आठ ग्रॅम तोलायला धावत गेली. दुकानदार हसला म्हणे, "आठ ग्राम कायले पायजे?"

आणि मग मी न सांगता नाटक झालं. हिरडा कशाला लागतो हे एकाला काही केल्या कळेना. दंडारीत सोंग घेणारा आमचा एक नमुना उठला, म्हणाला, मी कापूस. हात मागे बांधून उभा राहिला. तुरटी झालेली पोरगी जवळ आली की हा तोंड फिरवायचा. मग हिरडा आला, त्याने एका हाताने कापसाची बंडी धरली, दुसऱ्या हाताने तुरटीला ओढलं, आणि तुरटीने रंगाला. तोवर बादलीतलं पाणी घेऊन एक जण "धुतो आता!" म्हणून धावला. साखळी तुटली नाही. वर्ग ओला. पण त्या दिवसानंतर "रंगबंधक", म्हणजे रंग कापडाला बांधून ठेवणारा पदार्थ, हा शब्द कुणालाही पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

चुन्याच्या निवळीत पळसाचं पाणी केशरी झालं, तेव्हा एक पोर लगेच म्हणाली, हळदीत चुना टाकला का कुंकू होते, तसंच न? आम्लारींचा धडा तिथेच झाला. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस आंबवून ठेवले होते. त्यात हिरड्याचं कापड बुडवलं तर पळसाचा रंग लागण्याआधीच काळं पडलं. जुन्या काळची एक शाई अशीच, हिरड्यासारख्या तुरट फळाची आणि लोखंडाची. पळसात घातल्यावर त्याचा एक मळकट हिरवा झाला. चित्रकलेच्या पेटीत तो रंग नाही.

माझ्या मते खरी चित्रकला इथे सुरू झाली. चोवीस चिंध्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या, पण नावं काय द्यायची? सगळ्याच "पिवळा" म्हटल्या तर पुढच्या वर्षी तोच रंग काढायचा कसा? मग भांडत भांडत नावं पडली: मोहफुलाचा पिवळा, हळदीचा पिवळा, कापणीला आलेल्या धानाचा. त्या मळकट हिरव्याला "शेणसड्याचा". नाव ठेवायला डोळे ताणावे लागतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.

डी.एड.ला असताना गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीवर पाच गुणांची टीप लिहिली होती. ऑक्टोबर १९३७, वर्ध्याची परिषद, झाकिर हुसेन समिती, टकळी, आणि "समवाय" म्हणजे हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवणे. पाचपैकी चार मिळाले होते. वर्धा इथून चार-पाच तासांवर, आणि समवाय समजायला मला चुलीवरचं पातेलं लागलं.

मधे एक साहेब भेटीला आले. सगळ्यांचे हात पिवळे. "ही तासिका कोणत्या विषयाची?" मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "चौथा तास हाय सर." साहेबांनी शेरा लिहिला: टाचणाप्रमाणे अध्यापन आढळले नाही. खरंच होतं ते. टाचणात, म्हणजे तासाच्या आधी लिहून ठेवलेल्या पाठाच्या आराखड्यात, त्या तासाला विज्ञानाचा भलताच धडा होता. आणि हेही कबूल करतो, की या नादात दोन धडे मागे पडले, ते मी एप्रिलमध्ये रेटून संपवले. ते धडे कुणाला आठवत असतील असं वाटत नाही.

पुठ्ठा कार्यालयाच्या खिडकीत टांगला होता, अर्धा हजेरीपटाच्या कपाटाआड. जूनमध्ये शाळा उघडली, कपाट सरकवलं, तर हळदीच्या पिवळ्याचे दोन तुकडे झालेले. आडोशाचा तसाच, उन्हाकडचा मोहफुलाएवढा फिका. कोष्ट्याची पोर आता आठवीत आहे. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "पाण्यानं नाही गेला, तर उन्हानं गेला जी." शेणसड्याला मात्र फारसं काही झालेलं दिसत नव्हतं. तिने पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने तारीख टाकली, पुठ्ठा उलटा करून पुन्हा खिडकीत लावला, आणि कुणी हलवू नये म्हणून खाली वीट ठेवली.