भोकं शोधायची नोकरी

नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या, म्हणजे हजारो सर्व्हर (इंटरनेटमागचे कॉम्प्युटर) ठेवायच्या, खिडक्या नसलेल्या ज्या अवाढव्य इमारती उभ्या राहतायत, त्यातल्या एकीवर मी काम करते. पदवी सिव्हिलची. पायथन आणि हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन नोकरी सांभाळून शिकले. आत्या विचारते, "अगं, तू नक्की बांधकामवाली की कॉम्प्युटरवाली?" साइटवरही हेच विचारतात, फक्त जरा टोमण्याच्या सुरात.

खरं सांगायचं तर मी भोकं शोधते. सर्व्हर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. म्हणून रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचायच्या उभ्या कपाटांच्या, पुढच्या गल्लीत थंड हवा सोडायची, मागच्या गल्लीत गरम हवा गोळा करायची आणि दोन्ही मिसळू द्यायच्या नाहीत. पण केबलसाठी फरशीत कापलेला चौकोन उघडा राहतो, रॅकमधल्या रिकाम्या खणाला पट्टी लावायची कुणी विसरतं, आणि हवा तिथून निसटते. मग बैठकीत ठरतं : एसी वाढवा! दहा रुपयांच्या पट्टीचं काम चिलरकडून, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राकडून, करून घ्यायचं.

इमारतीला लागणारी एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, म्हणजे पीयूई. आदर्श आकडा १; जगाची सरासरी १.५च्या आसपास रेंगाळते आहे. थंड देशांत बाहेरची हवाच कामी येते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो, की पाणी उडवून गारवा मिळवायची युक्तीही फारशी चालत नाही. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरला १८ ते २७ अंशांची हवा चालते. तरी ग्राहकाला २०च हवे असतात. हा हट्ट मला निव्वळ उधळपट्टी वाटतो.

पण निम्मी बचत सर्व्हर यायच्या कितीतरी आधी, शटरिंग, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणं, चालू असतानाच हातची जाते. इमारतीच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये थंड पाण्याचा पाइप बीमला आडवा गेलेला दिसला, तर तेव्हाच बीममध्ये स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला भोक, सोडता येते. नंतर बीम कापायला स्ट्रक्चरलवाले परवानगी देत नाहीत. मग पाइपला वळसे पडतात आणि प्रत्येक वळशाचा भार पंप वर्षानुवर्षं ओढत राहतो. आमचे मुकादम म्हणतात, "मॅडम, भोक काँक्रीट ओतायच्या आधी मागा. नंतर देव पण देत नाही." आता दर बुधवारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याबरोबर स्लॅबवर फिरते. मॉडेल बघून ते माझ्याआधी चुका काढतात.

कॉलेजची मुलं विचारतात, काय शिकू? आधी ड्रॉइंग वाचायला शिका, कोड नंतर. एआयचा एकेक रॅक आता १२० किलोवॉटच्याही वर गेलाय आणि वजन टनाच्या वर. तिथे नुसती हवा पुरत नाही, पाणी थेट चिपपर्यंत न्यावं लागतं. त्यामुळे पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीला प्लंबिंगचा कंत्राटदार हवाच, असा मेल मी कालच टाकलाय. उत्तर यायचंय.